प्लाझ्माच्या भिंतीत चुंबकाची खिडकी

१५ जुलै २०२५ रोजी शुभांशु शुक्ला आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना घेऊन ड्रॅगन कुपी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली. त्याआधी काही मिनिटे कुपीशी बोलता येत नव्हते. बिघाड काहीच नव्हता. कक्षेतून परतणारे यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात घुसते, तेव्हा पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिचे रेणू फुटतात आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. यानाभोवती प्लाझ्माचे आवरण तयार होते आणि रेडिओ लहरी त्यावर आपटून परततात. अंतराळवीरांच्या भाषेत हा ब्लॅकआउट.

या आवरणातून वाट काढायची एक कल्पना १९६१ मध्ये हेन्री होडारा यांनी शोधनिबंधात मांडली. अँटेनाच्या जागी पुरेसे ताकदवान चुंबकीय क्षेत्र ठेवायचे, म्हणजे तेवढ्या भागातला प्लाझ्मा लहरींना वाट देतो. साठ वर्षांहून अधिक काळ गेला, तरी माणसांना आणणाऱ्या एकाही यानावर ही युक्ती नेहमीच्या वापरात आलेली नाही. ती सोडून द्यावी की तिच्यामागे लागावे, यावर जाणकारांत दोन मते आहेत. ती येथे एका मामा-भाचीच्या संवादातून मांडली आहेत. मामांची सारी नोकरी यानांच्या दळणवळण यंत्रणा बांधण्यात गेली. भाची प्लाझ्मा भौतिकीत संशोधन करते.

मामा : अगं, तुमची कल्पना सुंदर आहे, पण ज्या प्रश्नासाठी ती काढली तो प्रश्नच सुटत आलाय. स्पेस शटलचं उदाहरण घे. सुरुवातीच्या उड्डाणांत पंधरा-सोळा मिनिटं संपर्क जायचा. मग नासाचे टीडीआरएस रिले उपग्रह वर गेले. शटल पोट पुढे करून खाली यायचं, त्यामुळे त्याच्या पाठीवर प्लाझ्मा विरळ असायचा. पाठीवरच्या अँटेनाने जमिनीऐवजी वरच्या उपग्रहाशी बोलायचं, की ब्लॅकआउट संपला. २०२४ मध्ये स्टारशिप परतत होतं तेव्हा स्टारलिंकवरून चालू प्लाझ्माचं थेट चित्रण जगाने पाहिलं. यानावर एक किलोसुद्धा चुंबक नव्हता.

भाची : मामा, शटल आणि स्टारशिप ही दोन्ही प्रचंड मोठी यानं. त्यांच्या मागे भरपूर मोकळी जागा राहते. कुपी लहान असते, प्लाझ्मा तिला वळसा घालून मागेही पसरतो. ड्रॅगनच्या डोक्यावर रिले उपग्रह नव्हते का? होते. तरी संपर्क तुटलाच. आणि चंद्रावरून परतताना वेग सेकंदाला अकरा किलोमीटर असतो. वेग वाढला की इलेक्ट्रॉन कितीतरी पटींनी वाढतात. आपल्या चांद्रयान-४ ला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात चंद्रावरची माती याच वेगाने घरी आणायची आहे.

मामा : मग वारंवारता वाढवा. प्लाझ्माची स्वतःची एक वारंवारता असते, तिच्या वरची लहर पार होते. हे तर तुमच्या पहिल्या धड्यात असतं.

भाची : असतं. पण आकडे बघा. दर घनमीटरमध्ये जितके इलेक्ट्रॉन, त्याचं वर्गमूळ काढून नऊने गुणलं की हर्ट्झमध्ये ती वारंवारता मिळते. नासाने १९६७ ते १९७० या काळात व्हर्जिनियातल्या वॉलोप्स बेटावरून रॅम-सी नावाची तीन उड्डाणं केली, ती याच प्रश्नासाठी. दुसऱ्या उड्डाणात आवरणातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी झाली. घनमीटरमागे एकावर अठरा शून्यं आणि त्याहूनही वर. एकावर अठरा शून्यं म्हणजे ९ गिगाहर्ट्झ, एकावर एकोणीस म्हणजे २८. यानाचा नेहमीचा एस-बँड २.२ गिगाहर्ट्झचा. जीपीएस तर १.५७५ गिगाहर्ट्झवर कायमचं ठरलेलं. ते तुम्ही वाढवणार कसं? तीस गिगाहर्ट्झच्या वर गेलात की झोत अरुंद होतो, यान गदगदत असताना तो नेमका रोखून धरावा लागतो, आणि खाली पाऊस असला की लहर क्षीण होते.

मामा : पाणी फवारा. मार्च १९६५ मध्ये जेमिनी-३ वर ग्रिसम आणि यंग यांनी ते करून दाखवलंय. प्लाझ्मात पाणी सोडलं, इलेक्ट्रॉन कमी झाले, संदेश पुन्हा ऐकू आले. रॅम-सीच्या पहिल्या उड्डाणातही पाण्याने काम केलं.

भाची : केलं, पण फवारा चालू असेपर्यंतच. पाणी संपलं की भिंत पुन्हा उभी. शिवाय टाकी, झडपा, नळ्या आणि कवचाला भोकं. उष्णतारोधक कवचाला भोक पाडायचं म्हटलं की तुमच्याच खात्यातले लोक झोपेतून उठतील. चुंबक कवचाच्या आत बसतो, कवच अखंड राहतं. मला त्याची हीच बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

मामा : बरं, मग तुझ्या चुंबकाकडे येऊ. तो नेमकं करतो काय, ते मला सूत्राशिवाय सांग.

भाची : साध्या प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन मोकाट असतात. लहर आली की तिच्या विद्युत क्षेत्राच्या तालावर ते धावतात, आणि लहर संथ असेल तर तिला पुरते रद्द करतात. म्हणून ती परत फिरते. आता तिथे चुंबकीय क्षेत्र आणलं की इलेक्ट्रॉनची अवस्था दाव्याने खुंट्याला बांधलेल्या बैलासारखी होते. क्षेत्ररेषेच्या दिशेने तो सरळ जाऊ शकतो, पण आडवा निघाला की गोल फिरतो. या गिरकीचा वेगही ठरलेला आहे : एक टेस्लाला सेकंदाला २८ अब्ज फेऱ्या, म्हणजे २८ गिगाहर्ट्झ. क्षेत्ररेषेच्या दिशेने जाणारी, इलेक्ट्रॉनच्याच फिरण्याच्या दिशेत वळणारी वर्तुळाकार ध्रुवीकरणाची लहर पाठवली आणि तिची वारंवारता या गिरकीपेक्षा कमी ठेवली, तर इलेक्ट्रॉन तिला रद्द करू शकत नाहीत. प्लाझ्मा कितीही दाट असला तरी ती आत शिरते. उलट फिरणारी लहर मात्र अडते. म्हणून अँटेना योग्य ध्रुवीकरणाचाच हवा, नाहीतर अर्धी शक्ती वाया जाते.

मामा : कागदावर.

भाची : कागदाच्या खूप आधी निसर्गाने करून दाखवलंय, मामा. पहिल्या महायुद्धात टेलिफोनच्या तारांवर शत्रूचं बोलणं चोरून ऐकणाऱ्यांना लांबलचक उतरत्या शिट्ट्या ऐकू यायच्या. बार्कहाउझेन यांनी त्यांची नोंद केली आणि १९५३ मध्ये केंब्रिजच्या स्टोरी यांनी उलगडा केला. विजेच्या कडकडाटातून निघालेल्या काही किलोहर्ट्झच्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून अंतराळातून दुसऱ्या गोलार्धात पोहोचतात. वाटेतल्या आयनांबराची स्वतःची वारंवारता दिवसा दहा मेगाहर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे चुंबकत्व नसतं तर किलोहर्ट्झची लहर तिथून कधीच पार झाली नसती. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ पासून पृथ्वीचं क्षेत्र मोजतात. ते आहे जेमतेम ०.००००४ टेस्ला. एवढ्याशा क्षेत्रातही इलेक्ट्रॉनची गिरकी मेगाहर्ट्झच्या घरात जाते, आणि किलोहर्ट्झच्या शिट्टीला तेवढं पुरतं.

मामा : पुरतं, कारण पृथ्वीचा चुंबक पृथ्वीएवढा आहे. माझा आक्षेप इथेच आहे. तुमचे लोक म्हणतात, २.२ गिगाहर्ट्झसाठी ०.०८ टेस्ला हवं, आणि बाजारातल्या निओडिमियम चुंबकाच्या तोंडाशी त्याच्या पाचपट मिळतं. ऐकायला छान. मी हिशेब मांडला. दहा सेंटिमीटर व्यासाचा, पाच सेंटिमीटर जाडीचा चांगला निओडिमियम चुंबक घे. वजन जवळजवळ तीन किलो. तोंडाशी ०.४२ टेस्ला. पाच सेंटिमीटर दूर गेलीस की ०.११. दहा सेंटिमीटरवर ०.०३. तुझी ०.०८ ची मर्यादा सव्वासहा सेंटिमीटरवरच संपते. त्यातले पाच सेंटिमीटर कवच खाणार. प्लाझ्मासाठी उरलं सव्वा सेंटिमीटर, आणि आवरण असतं कित्येक सेंटिमीटर जाड. पोहोच दुप्पट करायची तर चुंबकाची प्रत्येक मिती दुप्पट, म्हणजे वजन आठपट. चोवीस किलोचा लोखंडासारखा ठोकळा घेऊन तू मला पटवणार?

भाची : हिशेब बरोबर आहे.

मामा : थांब, अजून आहे. मर्यादेपलीकडे नुसती वाट बंद होत नाही, त्याहून वाईट घडतं. लहर आतून निघते तेव्हा क्षेत्र जोरात असतं. बाहेर जाता जाता क्षेत्र घटतं आणि एका जागी इलेक्ट्रॉनची गिरकी आणि लहरीची वारंवारता नेमकी जुळते. तिथे लहर शोषली जाते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत हेच मुद्दाम करतात ना? ४२ गिगाहर्ट्झच्या लहरी टोकामॅक नावाच्या यंत्रात सोडायच्या आणि जिथे क्षेत्र दीड टेस्ला आहे तिथे प्लाझ्माला त्या पिऊ द्यायच्या, म्हणजे तो तापतो. ज्या तत्त्वाने ते प्लाझ्मा तापवतात, त्याच तत्त्वाने तुझा संदेश कवचाबाहेर दोन बोटांवर संपणार.

भाची : हा आक्षेप सगळ्यात भारी आहे आणि बरेच जण तो विसरतात. खिडकी आतून उघडून चालत नाही, ती बाहेरच्या काठापर्यंत उघडी हवी. पण मामा, तुम्ही एस-बँड सोडायला तयार नाही, म्हणून अडकलात. साध्या प्लाझ्मात वारंवारता जितकी जास्त तितकं बरं. चुंबकीय प्लाझ्मात नेमकं उलट : जितकी कमी तितकं सोपं. २५० मेगाहर्ट्झ घ्या. त्याला ०.००९ टेस्ला पुरतं. तुमच्याच तीन किलोच्या चुंबकाचं क्षेत्र तेवढं सतरा सेंटिमीटरपर्यंत राहतं. कवचाचे पाच वजा करा, बारा सेंटिमीटर प्लाझ्मा ओलांडता येतो.

मामा : आणि शिरताना किती शक्ती परत फिरते?

भाची : चुंबकाजवळ क्षेत्र ०.२ टेस्ला धरलं तर एस-बँडची सुमारे तीस टक्के परततात. २५० मेगाहर्ट्झला प्लाझ्मा फार जड वाटतो. तिथे ०.१ टेस्ला धरलं तर दोन तृतीयांशाहून जास्त परततात आणि तीस टक्क्यांच्या आसपास आत जातात. पण आज शून्य जातात. प्रक्षेपकाची शक्ती तिप्पट केली की तूट भरून निघते.

मामा : अडीचशे मेगाहर्ट्झची लहर सव्वा मीटर लांबीची. तिचा अँटेना तुझ्या दहा सेंटिमीटरच्या चुंबकावर बसवणार कसा?

भाची : त्या प्लाझ्मात शिरल्यावर लहर दहा-अकरा सेंटिमीटरपर्यंत आखडते, म्हणून आत वाट मीटरभर रुंद लागत नाही. आणि ती बऱ्याच अंशी क्षेत्ररेषांच्या मागे जाते.

मामा : आत. बाहेर पडताना मात्र तोंड लहान असलं की लहर नीट सुटत नाही. तिथे पुन्हा शक्ती जाणार. आणि यान खाली येईल तशी हवा दाट होते. इलेक्ट्रॉनची गिरकी पूर्ण व्हायच्या आधीच तो रेणूवर आपटायला लागला, की तुझं दावं तुटलं म्हणायचं.

भाची : दोन्ही खरं. म्हणून मी म्हणत नाही की चुंबकाने सगळा ब्लॅकआउट जाईल. वरच्या टप्प्यात, ऐंशी ते साठ किलोमीटरच्या दरम्यान, हवा विरळ असते. तिथे तो चालावा. बाहेरच्या काठावर किती तूट येईल ते कागदावर पक्कं सांगता येत नाही, मोजावंच लागेल. आणि चुंबकाचा दुसराही उपयोग आहे. २००८ मध्ये कीदार, किम आणि बॉइड यांनी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना आडवी लावून अँटेनासमोरचा प्लाझ्माच विरळ करण्याची रीत मांडली. त्यात लहरीला वाट देण्याऐवजी भिंतच पातळ होते.

मामा : उष्णतेचं काय? निओडिमियमच्या साध्या प्रकारांची ताकद ऐंशी अंशांपुढे उतरायला लागते, तीनशेदहाच्या आसपास ती पुरती जाते. कवचाबाहेर हजारो अंश असतात.

भाची : कवच आतल्या माणसांना वाचवतं तसं चुंबकालाही वाचवेल. समेरियम-कोबाल्टचे चुंबक याहून जास्त उष्णता सोसतात. नाहीतर तारेचं वेटोळं वापरा, जे फक्त त्या काही मिनिटांपुरतं चालू करायचं. वीस सेंटिमीटर व्यासाच्या वेटोळ्याच्या मध्यावर ०.१ टेस्ला हवं असेल तर सोळा हजार अँपिअर-फेरे लागतात, म्हणजे ऐंशी फेरे आणि दोनशे अँपिअर. जड आहे, पण अशक्य नाही.

मामा : सगळं मान्य केलं असं धर. पण त्या मिनिटांत जमिनीवरून कुणी करणार काय? यान स्वतःच्या संगणकावर येतं. नोंदी यानातच साठतात, उतरल्यावर वाचायच्या. ‘तुम्ही ठीक आहात ना’ विचारण्यासाठी तीन किलो?

भाची : यान उतरलं तर नोंदी वाचता येतात. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया उतरलं नाही. कल्पना चावला आणि सहा जण गेले. डाव्या पंखातले संवेदक एकामागून एक बंद पडत होते, ते ह्यूस्टनला दिसत होतं, कारण रिले उपग्रहावरून माहिती येत होती. पुढे यानातला एक नोंदयंत्राचा डबा टेक्सासमध्ये हेम्पहिलजवळ शाबूत सापडला, त्यानेही चौकशीला फार मोठी मदत झाली. तो सापडला हे नशीब. समुद्रावर उतरणाऱ्या कुपीच्या बाबतीत त्या नशिबावर विसंबणार का? अपोलो-१३ च्या वेळी ब्लॅकआउट अपेक्षेपेक्षा सुमारे दीड मिनिट लांबला. तेव्हा नियंत्रण कक्षाकडे थांबण्यावाचून काही नव्हतं. आणि जीपीएस मिळालं तर कुपी कुठे पडणार ते शोधपथकाला आधी कळेल.

मामा : कोलंबियाचं उदाहरण माझ्या बाजूचंही आहे. माहिती आली ती रिले उपग्रहामुळे. म्हणून माझं म्हणणं, आपण रिले उपग्रहांची आखलेली योजना आधी पुरी करावी. जीपीएससाठी तुला ०.०५६ टेस्ला लागेल, तेही बाहेरच्या काठावर. तीन किलोत ते होत नाही.

भाची : जीपीएससाठी होत नाही, हे मान्य. आवाजासाठी आणि मोजक्या संवेदकांसाठी होतं का, एवढंच मला तपासायचंय. रिले उपग्रह करा, जरूर करा. पण ते नेहमीच्या दिवसासाठी. कुपी तिरकी झाली, पाठीमागची मोकळी दिशा हातून गेली, चंद्रावरून येताना मागचा भागही प्लाझ्माने भरला, अशा दिवसासाठी दुसरी वाट हवी. तुम्ही लोकच शिकवता ना, की माणूस आत असला की प्रत्येक गोष्टीला जोडीदार ठेवायचा?

मामा : शिकवतो. पण जोडीदार आधी उडवून तपासायचा, मग त्याच्यावर माणूस सोडायचा, हेही शिकवतो.

हा संवाद इथे थांबवतो, कारण दोन्ही बाजू ज्या जागी येऊन भेटल्या तीच मला खरी वाटते. लहरीला वाट मिळते हे भौतिकशास्त्राने ठरवलेले आहे. प्रश्न उरला आहे तो क्षेत्र किती दूरपर्यंत टिकते याचा, आणि तो अभियांत्रिकीचा आहे. माझ्या मते चुंबकीय खिडकी साठ वर्षे अडून राहिली याचे एक मोठे कारण म्हणजे तिच्याकडून चुकीचे काम मागितले गेले. नेहमीच्या वारंवारतेवर नेहमीएवढी माहिती पाठवण्याचे काम तिला पेलत नाही. ते रिले उपग्रहांचे आहे. कमी वारंवारतेवर, थोड्या शब्दांत, संकटात बोलण्याचे काम तिला पेलू शकेल.

ते तपासायला माणूस लागत नाही. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने साडेपाचशे किलोची एसआरई-१ कुपी कक्षेतून आणून बंगालच्या उपसागरातून सुखरूप उचलली. तशा एखाद्या कुपीवर २५० मेगाहर्ट्झचे दोन सारखे अँटेना बसवावेत, एकाखाली तीन किलोचा चुंबक आणि दुसऱ्याखाली काही नाही. कोणाचा आवाज आधी गेला आणि कोणाचा आधी परत आला, एवढे जरी मोजले तरी हा वाद आकड्यांनी मिटेल. गगनयानातून आपली माणसे परत येतील त्याआधी हे उड्डाण व्हावे, अशी इस्रोकडे आणि प्लाझ्मावर काम करणाऱ्या आपल्या संशोधकांकडे माझी मागणी आहे.